घरदुरुस्तीची परवानगी : आधी प्रश्न लिहून काढा



अमरावती-अकोल्यात आपल्या समाजातील पहिल्या नोकरदार पिढीने पै-पै जोडून दोन-दोन खोल्यांची घरे बांधली. आता मुले मोठी झाली, सुना आल्या, खोल्या अपुऱ्या पडू लागल्या. वर मजला चढवावा, मागे खोली काढावी, असा विचार घरोघरी चालतो. मिस्त्री लगेच ठरतो, परवानगीचे मात्र "पुढे पाहू" म्हणून राहून जाते. पुढे नोटीस आली की भविष्य निर्वाह निधीतून काढलेला पैसाच धोक्यात येतो, आणि तो पुन्हा उभा होत नाही.

परवानगी म्हणजे नुसती सरकारी कटकट नव्हे. विनयपिटकात भिक्खूने स्वतःसाठी कुटी बांधण्याचा नियम आहे. लांबी १२ व रुंदी ७ सुगत-वितींपेक्षा जास्त नको. जागा आधी संघाला दाखवून मान्य करून घ्यावी. तेथे जीवजंतूंना उपद्रव होऊ नये आणि सभोवार जुंपलेली गाडी फिरेल एवढी मोकळीक असावी. आज आपण ज्याला 'मार्जिन' म्हणतो, त्यामागेही शेजाऱ्याचा उजेड-वारा राखण्याचाच विचार आहे.

आजचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्याच्या कलम ४३ नुसार केवळ आतल्या भागाची किंवा बाह्य स्वरूप फारसे न बदलणारी देखभाल-दुरुस्ती परवानगीतून वगळली आहे. रंग, गिलावा, फरशी ही कामे यात मोडतात. नवी खोली किंवा वरचा मजला यात मोडत नाही. म्हणून कार्यालयात जाण्यापूर्वी पुढील प्रश्न वहीत लिहून घ्यावेत.

जागेविषयी

१. आखीव पत्रिकेवर किंवा सातबारावर नाव कोणाचे आहे? वडील वारले असल्यास वारसांची नोंद झाली आहे काय?

२. जागा नझूलची आहे काय? असल्यास पट्ट्याची मुदत आणि बांधकामाच्या अटी काय आहेत?

३. भूखंड मंजूर लेआऊटमधला की गुंठेवारीचा? गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा २००१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीलाही तो लागू झाला.

महानगरपालिकेच्या नगररचना विभागात

४. माझ्या कामाला परवानगी लागते काय? लहान भूखंडासाठी सोपी पद्धत आहे काय?

५. घराचा जुना मंजूर नकाशा कोणत्या दप्तरात मिळेल? अमरावती महानगरपालिका १९८३ साली आणि अकोल्याची २००१ साली झाली. त्यापूर्वीचे नकाशे नगरपालिकेच्या काळातले असणार. नक्कल मिळत नसेल तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. त्याचे उत्तर सामान्यतः ३० दिवसांत द्यावे लागते.

६. जागेवर आरक्षण किंवा रस्ता रुंदीकरण आहे काय?

७. मार्जिन किती सोडावे लागेल आणि किती बांधकाम शिल्लक आहे? राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. त्यामुळे शेजाऱ्याला पूर्वी मिळालेले उत्तर आपल्याला लागू पडेलच असे नाही.

८. शुल्क किती? परवानगीची मुदत किती आणि ती कशी वाढवावी?

अभियंत्याकडे

९. जुना पाया व कॉलम वरचा मजला पेलतील काय? हे उत्तर लेखीच घ्यावे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी अमरावतीच्या प्रभात चौक भागात जुनी इमारत कोसळून ५ जण मृत्युमुखी पडले. हा प्रश्न केवळ कागदाचा नाही.

१०. काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्रासाठी अर्ज कोण करणार?

कर्ज काढायचे असल्यास मंजूर नकाशा बँकेला कधी व किती प्रतींत द्यायचा, हेही आधीच विचारावे. नकाशा नसल्याने कर्ज अडते, तोवर मिस्त्रीचा विसार देऊन झालेला असतो.

"साहेब, होईल ना?" असे विचारले तर "होईल" एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी "कोणत्या नियमाने, किती दिवसांत, कोणाच्या सहीने?" असे विचारावे. उत्तर, तारीख व अधिकाऱ्याचे पद वहीत टिपावे, अर्जाची पोच घ्यावी आणि पैसे पावतीशिवाय देऊ नयेत.

केवळ कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, ही शिकवण तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना दिली. ती विहारात जितकी खरी, तितकीच कचेरीच्या खिडकीवरही खरी आहे. विहारातील रविवारच्या वंदनेनंतर शिकलेल्या तरुणांनी दोन-चार कुटुंबांच्या अशा वह्या तयार करून दिल्या, तर ते मोठेच दान होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!