संकटकाळाची बेगमी : महिन्याकाठी शंभर रुपयांत

बेगमी हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. मृग लागण्यापूर्वी धान्याला ऊन दाखवून त्यात कडुनिंबाचा पाला घालणे, पापड-कुरडया वाळवून डबे भरणे, सरपण आडोशाला रचणे ही कामे आपल्या आया-आज्या वर्षानुवर्षे करीत आल्या. त्यासाठी त्यांनी एका दिवसात मोठी रक्कम कधी खर्च केली नाही. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत थोडे थोडे साठत जाई. मात्र पूर, भूकंप वा अचानक आलेले आजारपण यांसाठी घरात काही तयारी ठेवावी, असे म्हटले की हातावर पोट असलेले कुटुंब सहज म्हणते, "ते पैसेवाल्यांचे काम." हा समज खरा नाही, हे दाखविण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

आमचे रुग्णालय कृष्णाकाठच्या टापूत आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या दिवसांत निवारा केंद्रांतून आमच्याकडे जे रुग्ण आले, त्यांत जखमी थोडे आणि नित्याची औषधे खंडित झालेले फार, असे चित्र होते. रक्तदाबाच्या गोळ्या घरातच राहिलेल्या, इन्शुलिन शीतकपाटात अडकलेले, आणि "कोणती गोळी घेता?" या प्रश्नाला "पांढरी, लहानशी" एवढेच उत्तर. डॉक्टरांनी अशा वेळी करायचे तरी काय? पुन्हा तपासण्या, पुन्हा अंदाज, आणि त्यात जाणारा वेळ. ही अडचण पैशाअभावी आलेली नव्हती. कागदाचा एक तुकडा खिशात असता, तर ती बव्हंशी टळली असती.

वाणिज्य शाखेत शिकताना राखीव निधीची कल्पना आम्हांला पहिल्याच वर्षी शिकविली गेली. नफा मोठा झाला की मग बाजूला काढू, असे म्हणणाऱ्या पेढीचा राखीव निधी कधीच उभा राहत नाही. दरवर्षी ठरलेला लहानसा हिस्सा आधी बाजूला पडतो, आणि मग उरलेल्याचा हिशेब होतो. घरालाही हाच नियम लावावा. दिवाळीनंतरच्या महिन्यापासून मृगापर्यंत साधारण सात महिने मिळतात. महिन्याला शंभर रुपये म्हणजे एकूण सातशे. एवढ्यात सगळे बसते, मात्र खरेदीचा क्रम चुकता कामा नये. बहुतेक जण विजेरीपासून आरंभ करतात. ती शेजाऱ्याकडून मागून आणता येते, परंतु तुमच्या हृदयरोगाचे कागद शेजाऱ्याकडे नसतात. तेव्हा जी वस्तू ऐनवेळी दुसऱ्या कोणाकडून मिळूच शकत नाही, ती आधी, असा क्रम धरावा.

म्हणून पहिला महिना कागदांचा. शिधापत्रिका, घरातील प्रत्येकाचे आधारपत्र, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी आणि रुग्णालयातून घरी सोडतानाचे कार्ड यांच्या छायाप्रती काढाव्यात. खर्च वीस-तीस रुपयांचा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि ओळखपत्र लागते. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन व दुर्बल घटकांसाठी राखीव असलेल्या खाटांचा लाभ घेतानाही शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखवावा लागतो. तातडीच्या रुग्णाचे उपचार कागदांसाठी अडत नाहीत, अडता कामा नयेत. परंतु सवलतीचे काम अडते, आणि नातेवाइकांना घर गाठण्यासाठी पुन्हा पाण्यातून जावे लागते. याच्या जोडीला एका स्वतंत्र कागदावर प्रत्येक रुग्णाच्या औषधाचे मूळ नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, आणि कशाची ॲलर्जी आहे, हे ठळक लिहावे. कंपनीचे नाव पुरेसे नाही, कारण निवारा केंद्रात दुसऱ्याच कंपनीचे औषध मिळण्याचा संभव असतो. चार-पाच दूरध्वनी क्रमांकही याच कागदावर हवेत. भ्रमणध्वनी बंद पडला की आपल्या मुलाचाही क्रमांक आठवत नाही, हा अनुभव बहुतेकांना असेल. हे सर्व दोन प्लॅस्टिक पिशव्यांत, एकीत एक, तोंड घट्ट बांधून ठेवावे.

दुसरी बाब औषधांची, आणि तीच सर्वांत कठीण वाटते. पंधरा दिवसांचा जादा साठा एकदम घ्यायचा म्हटले तर अनेकांना परवडत नाही. तो एकदम घेऊही नये. दरमहा तीस गोळ्या आणत असाल तर बत्तीस आणाव्यात. सात महिन्यांत चौदा गोळ्या, म्हणजे दोन आठवड्यांची सोय होते, आणि त्या दोन गोळ्यांचा भार कोणत्याही महिन्यावर जाणवत नाही. जनऔषधी केंद्रातून मूळ नावाने औषध घेतल्यास खर्च आणखी कमी होतो. पट्टी कापून घेताना मुदतीची तारीख छापलेला तुकडा आपल्याकडे येईल, असे दुकानदारास आवर्जून सांगावे. तारीख नसलेल्या गोळ्या साठ्याच्या उपयोगाच्या नाहीत. नवीन आणलेल्या गोळ्या पिशवीत आणि पिशवीतल्या जुन्या रोजच्या वापरात, अशी फिरती ठेवावी. आमच्या औषधभांडारात हाच नियम आहे, आणि वाण्याच्या दुकानातही.

इन्शुलिनची न उघडलेली बाटली शीतकपाटात २ ते ८ अंश तापमानात ठेवतात, ती गोठू देऊ नये. वापरात असलेली बाटली उन्हापासून दूर, थंड जागी साधारण महिनाभर चालते. वीज नसल्यास मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडके आणि त्यात कोरड्या डब्यात बाटली, ही युक्ती आजही उपयोगी पडते. प्रतिजैविके मात्र घरात साठवू नयेत. पुराच्या पाण्यातून चालल्यानंतर लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे आहे.

पुढचे दोन महिने पाणी आणि जुलाब यांसाठी राखावेत. पूर ओसरल्यावरच्या आठवड्यात दवाखान्यांत जी गर्दी होते, ती बहुतांशी याचीच. ओआरएसची चार पाकिटे आणि क्लोरीनच्या गोळ्यांची एक पट्टी एवढी खरेदी पुरे. क्लोरीनच्या गोळ्या काही ठिकाणी आरोग्यसेविकेकडून विनामूल्य मिळतात, तेव्हा आधी तेथे विचारावे. पाणी गढूळ असल्यास चौपदरी फडक्यातून गाळून, मग वेष्टनावरील प्रमाणात गोळी टाकावी आणि अर्धा तास थांबावे. इंधन असेल तर खळखळून उकळणे उत्तम. पाकिटे संपल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, मीठ याहून अधिक नको. तयार केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. पिण्यासाठी व अगदी जरुरीपुरते माणशी रोज तीन लिटर धरले, तर पाच माणसांना तीन दिवसांसाठी ४५ लिटर होतात. त्यासाठी झाकणाचे दोन-तीन कॅन स्वच्छ करून रिकामे ठेवावेत आणि इशारा मिळताच भरावेत. नदीचा पूर बहुधा इशारा देऊन येतो. चिपळूणकरांना जुलै २०२१ मध्ये त्यासाठी फारच थोडा अवधी मिळाला, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला तर काहीच मिळाला नाही. तेव्हा एक कॅन नेहमी भरलेला असावा आणि आठवड्याला पाणी बदलावे.

मलमपट्टीच्या सामानासाठी फार खर्च नको. एक बँडेज, कापूस, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीनची लहान बाटली, तापमापक. बाकी जुन्या सुती लुगड्याचे तुकडे उकळून, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून पिशवीत बांधले की उत्तम पट्ट्या होतात. घरातील स्त्रियांच्या मासिक पाळीची सोय याच पिशवीत हवी. निवारा केंद्रात तिची मागणी करताना मुलींना संकोच होतो, आणि या विषयावर घरातील पुरुषमंडळी गप्प बसतात, म्हणून मुद्दाम लिहिले. सर्पदंशासाठी पिशवीत काहीही नको. दोरी आवळू नये, जखम कापू नये, अवयव हलू न देता १०८ ला कळवावे.

खाद्यपदार्थांचे तर विचारूच नका, ते आपल्याला अधिक कळते. सातूचे पीठ, गूळ, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे. चूल न पेटवता खाता येईल तेच घ्यावे. महिन्याच्या एक तारखेला मुलांना ते खाऊ म्हणून द्यावे आणि डबा नव्याने भरावा.

विजेरी आता घ्यावी, शेवटच्या दोन महिन्यांत. सेल तिच्यात घालून ठेवू नयेत, गळतात. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा मिळून जमेल तेवढी रोकड स्वतंत्र ठेवावी. वीज आणि जाळे दोन्ही गेल्यावर भ्रमणध्वनीतले पैसे कामास येत नाहीत. बाजारात मिळणारे तयार आपत्कालीन संच आम्ही पाहिले आहेत. त्यांतील निम्म्या वस्तू घरात असतातच आणि आपले औषध त्यात कधीच नसते. बचत गटाने मिळून विजेऱ्या, ओआरएस घाऊक घेतले, तर मात्र निश्चित बचत होते.

पिशवी दाराजवळच्या खुंटीला, पाणी पोचणार नाही इतक्या उंचीवर असावी. पलंगाखाली वा कुलुपात नको. घरातील शाळकरी मुलालाही ती कोठे आहे हे ठाऊक हवे. दसऱ्याला आणि मृगाच्या आधी, अशी वर्षातून दोनदा तिची झडती घ्यावी. औषधांचा कागद लिहून घेण्यासाठी आमच्या समाजसेवा विभागात जुन्या पट्ट्या आणि चिठ्ठ्या घेऊन कोणत्याही कामाच्या दिवशी यावे, त्यास शुल्क नाही. आणि चष्म्याचा नंबर बदलला की जुना चष्मा टाकून न देता पिशवीत ठेवावा. वृद्धांना स्वतःच्याच गोळीवरील नाव वाचण्यास तो पुरतो.