मागचं-पुढचं वाचून घे

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत तू ताटातून वचनाचं कार्ड उचललंस, तेव्हा मी तुझ्या मागच्याच बाकावर बसले होते. यिर्मया २९:११. देवाने आपल्या माणसांसाठी भलंच योजून ठेवलं आहे, पुढे आशा आहे, असं सांगणारं ते वचन. तू लगेच फोटो काढलास, स्टेटसला ठेवलास आणि घरी येता येता म्हणालीस, "आजी, म्हणजे पुण्याची नोकरी नक्की!" नोकरी लागली. परवा तू निघतेस. नर्सचा पांढरा गणवेश मी काल स्वतः इस्त्री केला, तेव्हा माझे डोळे भरून आले. आपल्याकडच्या किती मुली मिरजेला वॉनलेस साहेबांच्या दवाखान्यात नर्सिंग शिकून चार घरांचा आधार झाल्या; आता आपल्या घरातली एक त्या रांगेत उभी राहते आहे. निघायच्या गडबडीत नीट बोलणं व्हायचं नाही, म्हणून हे लिहून देते. बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेव.

ते कार्ड ज्या पानावरून आलं, ते पान आधी उघड. यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. नबुखद्नेस्सराने धरून बाबेलला नेलेल्या लोकांना यरुशलेमेतून धाडलेलं. त्याच्या आधीचा अठ्ठाविसावा अध्यायही वाच. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयाने मात्र पत्रात सत्तर वर्षं लिहिली. तुझ्या अकराव्या ओवीच्या अगदी वरच्या, दहाव्या ओवीत तो आकडा आहे. सत्तर वर्षं म्हणजे ते पत्र हातात घेतलेल्या बहुतेक माणसांना घर पुन्हा दिसणारच नव्हतं. आशा खरी होती, पण ती नातवंडांच्या वाट्याची होती. मी आजी आहे, म्हणून मला हे पान इतकं जवळचं वाटत असेल.

आणि तोवर करायचं काय? पाचव्या ओवीपासून सातव्यापर्यंत तेच सांगितलं आहे. घरं बांधून राहा, मळे लावून त्यांची फळं खा, लेकरांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी देवाकडे मागणं करा, कारण त्याचं भलं त्यातच तुमचं भलं. ज्यांनी आपल्याला घरातून धरून नेलं त्यांच्या शहरासाठी प्रार्थना! तुला तर कुणी धरून नेलेलं नाही, पगार देऊन बोलावलं आहे. म्हणून पुण्यात दिवस मोजत राहू नकोस. खोलीच्या खिडकीत एका कुंडीत कढीपत्ता लाव. वॉर्डात झाडू मारणाऱ्या मावशींचं, गेटवरच्या वॉचमनचं नाव पहिल्याच आठवड्यात विचारून घे आणि नावानेच हाक मार. जवळची मंडळी शोध आणि रविवारी ड्यूटी नसेल तेव्हा उपासनेला जात जा. नगरला येणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते हे माहीत असावं, पण रोज रात्री तिची आठवण काढू नये.

माझी आई, म्हणजे तुझी पणजी, म्हणायची की वचन एकटं घरी आणू नये. सोयरीक जुळवताना आपण घरदार बघतो, आईबाप बघतो, तसं वचनाचं मागचं-पुढचं बघून घ्यावं. तिचं शिक्षण मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत झालेलं. पण कुणी एखादी ओवी तोंडावर फेकली की ती शांतपणे विचारायची, "वरच्या ओवीत काय आहे हो?" समोरच्याला बहुधा सांगता यायचं नाही. तुला द्यायचा कानमंत्र हाच. बाकी जे लिहिते आहे ते त्याच्याच पोटातलं.

ओव्यांचे हे आकडे मुळात नव्हतेच, हेही लक्षात ठेव. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात. नव्या कराराच्या ओव्यांना आजचे आकडे घातले रोबेर एस्तियेन नावाच्या छापखानेवाल्याने, १५५१ मध्ये. पौल पत्रं सांगत होता आणि लेखक लिहून घेत होता तेव्हा ती सलग पत्रं होती, तू घरी लिहिशील तशी. म्हणून पत्र पत्रासारखंच वाच. फिलिप्पैकरांस पत्राचे चार अध्याय आहेत. मोठ्याने वाचलंस तरी पंधरा-वीस मिनिटांत संपतात. त्यातली ४:१३ ही ओवी मुलं परीक्षेच्या पॅडवर चिकटवतात, जणू पेपर सोपा जाण्याची हमी असावी तशी. पण वरच्याच ओळींत पौल सांगतो की मी पोटभर जेवायलाही शिकलो आणि उपाशी राहायलाही शिकलो. हे तो बेड्यांत असताना सांगतो आहे. देवाच्या बळाने काहीही करू शकेन असं तो म्हणतो, त्यात उपास सोसणंही आलं. तुझ्या पहिल्या महिन्याचा पगार हातात यायच्या आधी ते पत्र एकदा सबंध वाचून काढ.

वाचलेलं आपल्या बोलीत स्वतःला सांगायची सवय लाव. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या तोवर ते काम चालू होतं, आणि मुक्तीतल्याच बायका-मुलींनी छापखान्यात खिळे जुळवून ते छापलं. संस्कृत शास्त्रं मुखोद्गत असलेली ही बाई. तिला जड मराठी येत नव्हती का? पण दुष्काळातून उचलून आणलेल्या, अक्षर न ओळखणाऱ्या पोरींना कळलं पाहिजे, यासाठी तिने आयुष्याची शेवटची वर्षं घातली. तू एखादा उतारा वाचलास की डोळे मिटून त्या झाडूवाल्या मावशींना सांगते आहेस असं समज. 'तारण', 'कृपा', 'नीतिमत्त्व' हे शब्द न वापरता सांगता आलं, तर तो तुला कळला.

आता तुझ्या कामाचं. नाइट ड्यूटी लागेल. तीन-चार रात्री सलग झाल्या की मन उगाच काळवंडतं आणि आपला विश्वासच आटला असं वाटू लागतं. तेव्हा १ राजे, अध्याय १९ काढ. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून एलीया ईजबेलीच्या भीतीने रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला की आता माझा जीव घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. दूत आला, तापल्या दगडावरची भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवली, उठवलं, खाऊ घातलं. एलीया पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं. त्यानंतर तो चाळीस दिवस चालत होरेब डोंगराला गेला, आणि देव त्याच्याशी बोलला तो तिथे. दोन वेळा झोप, दोन वेळा जेवण, मग बोलणं. देवाने लावलेला क्रम आपण मोडू नये. म्हणून नाइट करून आलीस की आधी जेव, मग झोप. सकाळचं मनन राहिलं म्हणून मन खात बसू नकोस. संध्याकाळी उठल्यावर वाच. ऊन लागू नये म्हणून खिडकीला जाड पडदा लावून घे. पहिल्या पगारातून तेवढं कर.

वॉर्डात माणसं जातील. त्यांच्या नातेवाइकांसमोर तू उभी असशील, आणि तुझ्या तोंडाशी वचन येईल. ते गिळ. तुझे आजोबा गेले त्या सकाळी मंडळीतल्या एका भल्या माणसाने उंबऱ्यातच मला रोमकरांस ८:२८ ऐकवली, सगळ्या गोष्टी मिळून भल्यासाठीच होतात ती. वचन खरं आहे. आज मी ते स्वतः म्हणते. पण त्या सकाळी ते मला दगडासारखं लागलं. त्याच वेळी शेजारच्या मुसलमान भाभी मागच्या दाराने आल्या, माझ्याकडे एकदा बघितलं, मोरीत बसून सगळी भांडी घासली, चहा टाकला आणि माझ्याजवळ बसून राहिल्या. त्या एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. ईयोबाच्या मित्रांना आपण नावं ठेवतो, पण दुसऱ्या अध्यायाची शेवटची ओवी बघ. ते सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. तिथवर ते बरोबर होते. चुकले ते तोंड उघडल्यावर. तू पाण्याचा ग्लास दे, खुर्ची पुढे कर, खांद्यावर हात ठेव. कुणी आपणहून म्हणालं की सिस्टर, प्रार्थना करा, तर दोन वाक्यांची कर.

लांब प्रार्थनेला वेळ नसतोच. त्यासाठी मी नहेम्याला धरते. तो पारसाच्या राजाचा प्यालेबरदार होता. राजाने विचारलं, तुला काय हवं? नहेम्या २:४ मध्ये तो आधी देवाची प्रार्थना करतो आणि मग राजाला उत्तर देतो. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये, राजा समोर असताना! केवढीशी असेल ती? लहान मुलाच्या हाताची शीर सापडत नसेल तेव्हा तेवढीच कर. मी शाळेत शिकवायला जाताना, वर्गाचं दार ढकलताना करायचे. तीस वर्षं केली.

खोलीत आणखी दोघी असतील. मत्तय ६:६ दार लावून प्रार्थना करायला सांगतं, आणि तुला स्वतःचं दार नसेल. डोक्यावरून पांघरूण घेतलंस तरी चालतं. पण पहाटे पाचला मोबाइलवर गाणी लावू नकोस. नीतिसूत्रे २७:१४ वाचून बघ. भल्या पहाटे उठून मोठ्याने दिलेला आशीर्वाद शाप गणला जातो, असं तिथे लिहिलं आहे. शेजारणीची झोप मोडून केलेली स्तुती देवाला काय गोड लागणार?

राग आला तर इफिसकरांस ४:२६. सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नये. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी याचा अर्थ असा धरला की भांडण रात्रीच मिटलं पाहिजे, आणि बारा-बारा वाजेपर्यंत तुझ्या आजोबांना झोपू दिलं नाही. त्याने राग वाढायचा. पुढची ओवी वाचल्यावर उमजलं की सैतानाला पाय रोवायला जागा देऊ नये, एवढाच त्यातला हेतू. मग मी ठरवलं की भांडण उद्यावर गेलं तरी चालेल, पण झोपण्याआधी त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि "सकाळी बोलू" म्हणायचं. सकाळी निम्म्या वेळा बोलायला काही उरलेलं नसायचं. उरलेलं असेल तर मत्तय १८:१५. ज्याच्याशी बिनसलं त्याच्याशी एकट्याने, समोरासमोर. वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही.

पैशाचं हे जरा नीट वाच, कारण इथे आम्ही पोळलो आहोत. पगाराची पावती दिसली की कुणी तरी येईल आणि म्हणेल, फक्त सही कर, हप्ते मीच भरतो. नीतिसूत्रे, अध्याय ६, पहिल्या पाच ओव्या. जामीन राहिला असशील तर झोपू नकोस, डुलकीही घेऊ नकोस, पारध्याच्या हातून हरिण सुटतं तसा जाऊन स्वतःला सोडवून घे, असं तिथे सांगितलं आहे. आम्ही ही पानं दरवर्षी वाचायचो. तरी एका नात्यातल्या माणसासाठी तुझ्या आजोबांनी पतपेढीत जामीनदार म्हणून सही केली. त्याचे हप्ते थकले आणि चार वर्षं आमच्या पगारातून कपात झाली. तुझ्या बाबांची सायकल त्यातच राहिली. नात्याचं मन राखायचं म्हणून सही केली आणि नातं तर त्या कर्जानेच तुटलं. कुणाला गरज असेल तर तुझ्याकडे असेल त्यातलं दे, आणि परत येणार नाही असं धरून दे. सही मात्र करू नकोस. वाईटपणा माझ्यावर घाल, सांग की आजीने शपथ घातली आहे.

दशमांशाबद्दल तुझ्या बाबांशी बोल. त्यांचं गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे.

एखाद्या दिवशी काहीच म्हणावंसं वाटणार नाही. तेव्हा स्तोत्र ८८ काढ. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठे तरी उजेडाकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ज्याने ते रचलं तो शेवटपर्यंत देवाशीच बोलत होता. तुझा काका आजारी होता त्या वर्षी मी दुसरं काही वाचू शकले नाही. पाळकसाहेबांना ते सांगायला मला संकोच वाटला होता. तू मला सांग. रात्री दोनलाही फोन कर, माझी झोप तशीही पातळ झाली आहे.

पणजीचं बायबल तुझ्या बॅगेत ठेवलं आहे. पाठपुठ्ठा सुटला आहे, तो नगरला आलीस की बांधून घेऊ. पेन्सिलीच्या रेघा तिच्या आहेत, निळ्या शाईच्या माझ्या. तू तुझा रंग घे. २ तीमथ्य, अध्याय ४ मध्ये तिने एका ओवीभोवती चौकोन केला आहे. पौलाचा शेवट जवळ आला आहे, आणि तो तीमथ्याला सांगतो की येताना त्रोवसात राहिलेला माझा झगा आण, आणि पुस्तकं, विशेषतः चर्मपत्रं. थोडं खाली, जमेल तर हिवाळ्याआधीच ये म्हणतो. एवढ्या मोठ्या प्रेषिताला थंडी वाजत होती आणि माणसाची आठवण येत होती. म्हणून तपकिरी स्वेटर बॅगेत घातला आहे, नाही म्हणू नकोस, नाइटला एसीत लागेल. डब्यात डिंकाचे लाडू आहेत, रोज एक. नाताळाची सुट्टी आतापासूनच सांगून ठेव आणि जमलं तर दोन दिवस आधी ये. करंज्यांना हात कमी पडतात. डबा परत आण.