ऋतू पालटला की अंतर आखडतं घ्या

दर रविवारी शंभर-सव्वाशे किलोमीटर सायकल मारणारे गट आता पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, मुंबई सगळीकडे आहेत. त्यातल्या पुष्कळांच्या डोळ्यांपुढे ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइड, असतात: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. एका मोसमात चारही पार केले की ‘सुपर रॅन्दोनर’. त्यासाठी आठवड्याची लांब राइड चुकवायची नाही असा नेम लागतो, आणि नेम चांगलाच आहे. माझा आक्षेप त्या नेमातल्या ठरीव आकड्याला आहे. फेब्रुवारीतले १२० किलोमीटर मार्चमध्येही १२०च, जूनमध्येही १२०च, असा हिशेब धोक्याचा आहे. स्वतः सायकल चालवून आणि इतरांना चालवताना पाहून माझं मत पक्कं झालं आहे की भर उन्हाळ्यापेक्षा, भर पावसाळ्यापेक्षा ऋतू पालटतानाचे दोन-तीन आठवडे जास्त घातक असतात, आणि आठवड्यातून एकदाच लांब जाणाऱ्याला ते सर्वांत घातक असतात.

याचं कारण शरीराच्या कामकाजात आहे. माणूस उन्हाला सरावतो हे सगळेच जाणतात; तो किती दिवसांत आणि कशाने सरावतो याचा विचार कमी होतो. रोज तास-दीड तास उन्हात अंगमेहनत झाली तर साधारण १० ते १४ दिवसांत शरीर बदलतं. रक्तातला द्रवाचा भाग वाढतो, तेवढ्याच कष्टाला हृदयाचे ठोके कमी पडतात, घाम लवकर आणि जास्त सुटतो, आणि त्या घामातून मीठ मात्र कमी जातं. उन्हातली मेहनत थांबली की ही कमाई काही आठवड्यांत ओसरते. आता हा हिशेब रविवारच्या सायकलस्वाराला लावून पाहा. दोन राइडच्या मधले सहा दिवस वातानुकूलित ऑफिसात किंवा पंख्याखाली जातात. म्हणजे चौदा दिवसांत त्याला ऊन भेटतं दोनदा. मांड्या आणि फुप्फुसं हिवाळाभर तयार झालेली असतात, पण अंग थंड ठेवणारी यंत्रणा तयार झालेली नसते. जोर आहे म्हणून तो जोर लावतो, आणि जितका जोर लावेल तितकी उष्णता आतून वाढते. म्हणूनच मार्चच्या मध्यावर, जेव्हा उन्हाळा अजून ‘खरा’ सुरू झालेला नसतो, तेव्हा चांगले कसलेले लोक गळपटतात. हवामान खात्याची उष्णतेची लाट मैदानी भागात कमाल पारा ४० अंशांवर गेल्याशिवाय जाहीर होत नाही. न सरावलेल्या अंगाला ३६ अंशही पुरतात. इशारा आलेला नाही म्हणून धोका नाही, असं समजू नये. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, सरळ रेषेत सायकल चालवेना, चिडचिड करू लागला, तर त्याला घाम येतोय की नाही हे पाहत बसू नका. उष्माघातात मेहनत करणाऱ्याला घाम येतच असू शकतो. सावलीत घ्या, भरपूर पाणी ओतून वारा घाला आणि रुग्णवाहिका बोलवा. दवाखान्याची वाट पाहत गार करणं लांबवू नका.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: आपण उष्ण देशातली माणसं, आपल्याला उन्हाचं काय? खेड्यातला दूधवाला बारा महिने कॅन लावून सायकल चालवतो, शेतकरी वैशाखात नांगरटीला उभा राहतो. हे खरं आहे, आणि माझ्याच मुद्द्याला ते बळ देतं. दूधवाला रोज बाहेर असतो. ऋतू त्याच्या अंगावर एकेका दिवसाने चढतो आणि रोजचं त्याचं अंतर थोडं असतं. शेतकरी भल्या पहाटे कामाला लागतो आणि दुपारी झाडाखाली थांबतो. सराव जन्माने मिळत नाही, रोजच्या संपर्काने मिळतो. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त एका ऋतूचे शेवटचे सात आणि पुढच्याचे पहिले सात दिवस वेगळे काढून सांगितलं आहे की या काळात आधीची चर्या हळूहळू सोडावी आणि पुढची हळूहळू धरावी. आधुनिक शरीरशास्त्राचे १० ते १४ दिवस आणि हे चौदा दिवस जुळतात, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण बदल एका रात्रीत अंगी लागत नाही, हे निरीक्षण जुनं आहे एवढं नक्की.

ऋतू पालटताना रस्ता आणि सायकलही मागच्याच ऋतूत असतात. वळवाचा किंवा मृगाचा पहिला पाऊस पडतो तेव्हा सात-आठ महिन्यांची धूळ, डिझेल, ऑइल आणि टायरची झीज डांबरावर साचलेली असते. पहिल्या सरीत तिचा बुळबुळीत थर होतो. तो धुऊन जायला दोन-चार मोठे पाऊस लागतात. त्यामुळे जुलैच्या धो-धो पावसातल्या रस्त्यापेक्षा जूनच्या पहिल्या भुरभुरीतला रस्ता जास्त घसरडा असतो. पांढरे पट्टे, ड्रेनेजची झाकणं, रेल्वेचे रूळ, पुलांवरच्या लोखंडी सांध्यांच्या पट्ट्या ओल्या असताना त्यांवर वळू नये, ब्रेक दाबू नये. रूळ काटकोनात ओलांडावेत. रिम ब्रेक असतील तर पहिला दाब रिमवरचं पाणी पुसण्यातच जातो आणि थांबायला उशीर लागतो, म्हणून उताराआधीच हलके दाब देत यावं. ओल्या रबरात काच आणि खडे सहज घुसतात, तेव्हा एकाऐवजी दोन ट्यूब जवळ हव्यात. मे महिन्यातच ब्रेक पॅड आणि केबल तपासून घ्याव्यात, टायर झिजला असेल तर बदलावा आणि चेनला पावसाळी तेल द्यावं. पाऊस सुरू झाल्यावर दुकानात गर्दी असते आणि तोवर दोन रविवार निघून गेलेले असतात. वळवाबरोबर वीजही येते. आवाज एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद घेतो. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा झाड सोडून पक्क्या इमारतीत शिरावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास निघू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप यासाठीच आहे. वळीव बहुधा दुपारनंतर येतो, म्हणजे एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत घरी पोचता येईल एवढंच अंतर धरावं.

पावसाळा स्थिरावल्यावर प्रश्न बदलतो. सह्याद्रीत पन्नास-साठ किलोमीटरची राइड म्हणजे दुसऱ्या हवामानात प्रवेश असतो. पुण्यात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर. घरून निघताना रिमझिम आहे यावरून ताम्हिणीत किंवा वरंधात काय चाललं आहे हे कळत नाही. माळीण ३० जुलै २०१४ला, तळिये २२ जुलै २०२१ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ला डोंगराखाली गेली. जुलैचा उत्तरार्ध आणि सलग दिवसांचा मुसळधार पाऊस हे त्यांतलं समान सूत्र आहे. जिथे गावं गाडली गेली तिथे ओल्या कड्याखाली पंक्चर काढायला थांबणं हा धाडसाचा विषय नव्हे. महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात वाहून गेला. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर खाली रस्ता आहे असं गृहीत धरू नये. त्याशिवाय थंडीचा भाग आहेच. भिजलेल्या अंगाने लांब घाट उतरताना, पारा अठरा-वीसवर असला तरी, वाऱ्याने बोटं बधिर होतात आणि ब्रेक दाबणारी तीच बोटं असतात. माथ्यावर घालायला कोरडं जाकीट पिशवीत हवं. चढताना मात्र ते घालू नये.

याच काळात वारा हा दुर्लक्षित घटक असतो. जून ते सप्टेंबर देशावर वारा पश्चिमेकडून वाहतो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने पूर्वेला चौफुल्याकडे जाताना तो पाठीवर असतो, आणि आपण आज विशेष चालतो आहोत असं वाटू लागतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी वीसच्या वेगाला समोरून ताशी वीसचा वारा लागला तर विरोध चौपट होतो. जाताना ५० किलोमीटर ताशी पंचवीसने दोन तासांत झाले आणि येताना वेग पंधरावर आला तर सव्वातीन तासांहून जास्त लागतात. चार तासांचा अंदाज सव्वापाचवर जातो, आणि हा जादा वेळ थकलेल्या अवस्थेत येतो. म्हणून वारा समोरून घेत निघावं आणि पाठीवर घेत परतावं. पाऊस उघडलेला असेल तर पश्चिमेला पौडच्या दिशेची छोटी फेरी या दृष्टीने शहाणपणाची.

सर्वांत फसवा महिना ऑक्टोबर. रस्ते कोरडे, डोंगर हिरवे, ब्रेव्हेचा नवा मोसम नोव्हेंबरात उघडायचा असतो. सगळे एकदम अंतर वाढवतात. पण चार महिने ढगाखाली काढलेल्या शरीराची उन्हाळ्यातली कमाई कधीच ओसरलेली असते, जमिनीत ओल असल्याने हवा दमट असते आणि घाम सुकत नाही. ऑक्टोबरचं ऊन मार्चइतकंच नव्याने घ्यावं लागतं. इथे पाण्याविषयीचा एक गैरसमजही दूर व्हायला हवा. तासन् तास नुसतं पाणी पीत राहणं सुरक्षित नाही. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं आढळलं. जे शर्यतीत वजन वाढवून आले, म्हणजे गेलं त्याहून जास्त प्यायले, त्यांना धोका अधिक होता. तहानेप्रमाणे प्यावं, राइडच्या आधी आणि नंतर वजन करून आपला घाम किती जातो ते ओळखावं, आणि मीठ घातलेलं ताक, लिंबू किंवा कोकम सरबत, नाहीतर एक लिटर पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवलेलं ओआरएस घ्यावं. अर्ध्या पाण्यात पूर्ण पाकीट टाकू नये.

हिवाळ्यात शरीराला फारसा त्रास नसतो, म्हणून आपण बेसावध होतो. पुण्याच्या अक्षांशावर जूनअखेर दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरअखेर अकराचा. पहाटे पाचला निघायची उन्हाळी सवय जानेवारीत तशीच ठेवली तर पहिला दीड तास अंधारात जातो. त्यात नदीकाठी धुकं, आणि पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम: मागे दिवा नसलेल्या, उसाने दोन्ही बाजूंना फुगलेल्या ट्रॉल्या. मागचा आणि पुढचा दिवा, रिफ्लेक्टिव्ह जाकीट हे लागतंच. पण निघण्याची वेळ तासाभराने पुढे ढकलणं हा त्याहून खात्रीचा उपाय आहे.

या सगळ्यातून मी एकच नियम काढतो. हवा बदलल्याचं पहिल्यांदा जाणवेल त्या आठवड्यापासून तीन रविवार नेहमीचं अंतर निम्म्यावर आणावं, आणि आठवड्यात तीन-चार दिवस त्याच हवेत चाळीस मिनिटं ते तासभर हलकी सायकल चालवावी. रविवारची कपात धोका कमी करते, मधल्या दिवसांच्या छोट्या फेऱ्या सराव देतात. एकाशिवाय दुसरं अपुरं आहे. या तीन आठवड्यांत सरळ लांब जाण्याऐवजी घराभोवतीच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या फेऱ्या माराव्यात, म्हणजे कुठल्याही क्षणी थांबता येतं. चौथ्या रविवारी पाऊण अंतर, आणि मग पूर्ण.

याने फिटनेस जाईल, हा दुसरा आक्षेप. व्यायामशास्त्राचा अनुभव असा की जोर कायम ठेवून वेळ कमी केला तर हृदय-फुप्फुसांची कमाई काही आठवडे टिकते. शिवाय मधले दिवस रिकामे नाहीतच. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ब्रेव्हे हवा पाहून थांबत नाही, मग पावसात आणि उन्हात सराव नको का? हवाच. पण पावसाचा सराव म्हणजे ओल्या वळणावर ब्रेक कसा दाबायचा, भिजलेल्या बोटांनी ट्यूब कशी बदलायची, पोटाला काय पचतं हे शिकणं. ते घरापासून आठ किलोमीटरवरही शिकता येतं; साठ किलोमीटरवर शिकायला गेलं की चुकीची किंमत वाढते, शिकणं वाढत नाही. चौथा आक्षेप कुणी मोठ्याने बोलत नाही, पण तोच सर्वांत प्रबळ असतो: गट शंभर जाणार असेल तर मी पन्नासला कसा वळू? याचं उत्तर एकट्याच्या निग्रहावर सोडू नये. गटाने शुक्रवारीच किलोमीटरऐवजी तास जाहीर करावेत: ‘या रविवारी तीन तास, साडेआठला परत’. जो जितका वेगाने चालेल तितकं त्याचं अंतर होईल, पण उन्हात किंवा पावसात सगळे सारखाच वेळ राहतील आणि लवकर वळणारा कुणी उरणारच नाही. नव्या माणसाला गटात घेताना त्याचा वेग विचारण्याआधी, गेल्या दोन आठवड्यांत तो किती दिवस बाहेर या हवेत होता, हे विचारावं. त्याने त्या दिवशी किती दूर जावं, हे त्या उत्तरावरून ठरवता येतं.