मोटरहोमने मुलांकडे, वाटेत ट्राउट: निवृत्त जोडप्यासाठी डॉलरवार हिशेब

अमेरिकेत तीस-चाळीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेल्या मराठी जोडप्यांत एक बेत वारंवार ऐकू येतो. मोटरहोम घ्यायचे, मुलांच्या गावी आपल्याच घरातून जायचे, वाटेत टेटन आणि येलोस्टोन पाहायचे, आणि जमले तर मोंटॅनाच्या नदीत उतरून ट्राउट धरायचा. बेत उत्तम आहे. पण ‘हॉटेलचे पैसे वाचतील’ म्हणून तो आखला असेल, तर ते कारण आधी बाजूला ठेवा. मोटरहोम हॉटेलपेक्षा स्वस्त पडत नाही. रोजचा वरणभात, पाठीला सवयीचा बिछाना, रात्री उठावे लागले तर चार पावलांवर स्वतःचे स्वच्छतागृह, आणि लेकीकडे किंवा मुलाकडे राहूनही त्यांच्या घराची घडी न मोडणे, यांसाठी ते घ्यावे. साठी-सत्तरीत या गोष्टींचे मोल मोठे असते आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला मला काहीच हरकत वाटत नाही. मात्र किती जास्त, ते निघण्यापूर्वी माहीत हवे.

विकत की भाड्याने?

भाड्याने. निदान पहिले दोन-तीन उन्हाळे तरी. नवे क्लास सी मोटरहोम, म्हणजे ड्रायव्हरच्या टपावर बिछाना पुढे आलेले, आज लाख डॉलरच्या आतबाहेर सुरू होते आणि दीड लाखापर्यंत सहज जाते. व्हॅनवर बांधलेले छोटे क्लास बी आकाराने लहान असले तरी किमतीने लहान नाही; बरेचदा ते क्लास सीपेक्षाही महाग. नवी गाडी दुकानाच्या आवारातून बाहेर पडली की पहिल्याच वर्षात किमतीचा पाचवा हिस्सा गेला असे धरून चालावे. त्यावर विमा, गाडी उभी करायच्या जागेचे महिन्याला पन्नासपासून दोन-अडीचशे डॉलर, थंडीआधी नळांतले पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरणे, आणि नक्षी शाबूत असली तरी पाच ते सात वर्षांनी बदलावेच लागणारे टायर. वर्षातून सहा-आठ आठवडेच फिरणार असाल, तर हा खर्च कधीच वसूल होत नाही. वर्षातले चार-पाच महिने रस्त्यावर काढणाऱ्यांनीच खरेदीचा विचार करावा, आणि तोही तीन-चार वर्षे वापरलेल्या गाडीचा.

दहा रात्रींचा नमुना

सॉल्ट लेक सिटीहून निघून जॅक्सन, टेटन, येलोस्टोन, वेस्ट येलोस्टोन, मोंटॅनातले एनिस आणि परत, असा फेरा धरू. उद्यानांतले फिरणे धरून सुमारे हजार मैल होतात. खालचे आकडे अंदाजाने धरलेले आहेत. मोसम, गाडी आणि आरक्षणाची वेळ बदलली की तेही बदलतील, पण कोणत्या खात्यात किती जाते ते यावरून कळेल.

पंचवीस फुटी क्लास सीचे उन्हाळी भाडे रात्रीला २२० डॉलर धरले तर २,२०० होतात. जाहिरातीत एवढाच आकडा दिसतो. मोठ्या कंपन्या मैलांचे पैसे वेगळे घेतात. मैलाला ४० सेंटने ४०० डॉलर. भांडी आणि अंथरूण-पांघरूण त्यांच्याकडून घेतले तर १५०. नुकसानभरपाईची हमी २५०. कर साधारण ३००. म्हणजे गाडी जागची हलण्याआधीच बावीसशेचे तेहतीसशे झाले. कुठल्याही कंपनीकडे किंवा खासगी मालकाकडे चौकशी करताना रात्रीचा दर विचारू नका, ‘सगळे धरून हातात पडताना किती’ ते विचारा, आणि जनरेटर तासावर आहे का तेही.

क्लास सी गॅलनला आठ ते दहा मैल देते. हजार मैलांना एकशेदहा गॅलन, साडेतीन डॉलरने सुमारे ३९० डॉलर. लोक इंधनाची सर्वांत जास्त धास्ती घेतात. प्रत्यक्षात ते भाड्याच्या पंचमांशाच्याही आत राहते. मुक्कामाच्या जागा सरासरी ६५ डॉलरने ६५० आणि किराणा ४००. एकूण ४,७४०.

हाच फेरा साध्या गाडीने केला तर? गाडीचे भाडे ७००, मोसमातल्या मोटेलचे रात्रीला अडीचशेने २,५००, बाहेरचे जेवण ९००, इंधन १२०. एकूण ४,२२०. मोटरहोम पाचशे-सव्वापाचशे डॉलरने महाग. दोघांसाठी हे प्रमाण असेच राहते. नातवंडांसह चौघे-पाचजण निघालात की मोटेलच्या खोल्या दुप्पट होतात, हॉटेलातले जेवणही वाढते आणि पारडे मोटरहोमकडे झुकते.

विम्याबद्दल थोडे ठासून सांगतो. आपल्या गाडीचा नेहमीचा विमा आणि क्रेडिट कार्डावर मिळणारे भाडेगाडीचे संरक्षण बहुतेकदा मोटरहोमला लागू होत नाही. दोन्हीकडे फोन करून लेखी उत्तर घ्या. कंपनीची हमी घेतली तरी छताचे नुकसान बरेचदा तिच्यातून वगळलेले असते, आणि नवख्याच्या हातून नेमके छतच जाते: बँकेच्या ड्राइव्ह-थ्रूचे छप्पर, पेट्रोल पंपाची कमान, कॅम्पग्राउंडमधली वाकलेली फांदी. गाडीची उंची बारा फुटांच्या आसपास असते. ती चिठ्ठीवर मोठ्या आकड्यात लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. ग्लेशियर नॅशनल पार्कपर्यंत जाणार असाल तर लक्षात असू द्या, तिथल्या गोइंग-टु-द-सन रोडच्या डोंगरी भागात २१ फुटांहून लांब गाडीला मनाई आहे.

मुक्कामाची जागा

वीज, पाणी आणि सांडपाण्याची नळी असे तिन्ही मिळाले की त्याला फुल हुकअप म्हणतात. खासगी पार्कमध्ये त्याचे पन्नास ते शंभर डॉलर पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये वेस्ट येलोस्टोनला शंभरच्याही वर. येलोस्टोनच्या आत फुल हुकअप एकाच ठिकाणी, फिशिंग ब्रिजला. अस्वलांचा वावर असल्याने तिथे तंबूला परवानगी नाही, पक्क्या भिंतींची गाडीच लागते. बाकीच्या सरकारी कॅम्पग्राउंडवर बहुतेक ठिकाणी हुकअप नसते. नॅशनल फॉरेस्टमधल्या साध्या जागा वीस-तीस डॉलरला मिळतात आणि माझ्या मते त्याच सर्वांत सुंदर. दोन रात्री जंगलात, तिसरी फुल हुकअपवर असा क्रम ठेवला तर टाक्याही पुरतात आणि सरासरी खर्चही उतरतो.

टाक्यांविषयी स्पष्टच लिहितो, कारण बरीच जोडपी याच भीतीने मागे फिरतात. शौचाची ब्लॅक टाकी आणि न्हाणी-मोरीची ग्रे टाकी अशा दोन असतात. हातमोजे घालायचे, जाड नळी आधी जमिनीतल्या तोंडात घट्ट बसवायची, मग गाडीला जोडायची. आधी ब्लॅकचा दांडा ओढायचा, आवाज थांबेपर्यंत वाट पाहायची, तो बंद करायचा आणि मग ग्रेचा उघडायचा, म्हणजे साबणाचे पाणी नळी धुऊन नेते. एरवी ब्लॅकचा दांडा कायम बंद ठेवायचा. उघडा राहिला तर पाणी वाहून जाते आणि मैला तळाला घट्ट बसतो. दहा मिनिटांचे काम आहे. डंप स्टेशनला दहा-वीस डॉलर पडतात, कॅम्पग्राउंडवर उतरला असाल तर बहुतेकदा काहीच नाही.

स्वयंपाक प्रोपेनवर होतो आणि प्रेशर कुकर उत्तम चालतो. फोडणी टाकण्याआधी मात्र छतावरचा पंखा आणि समोरची खिडकी उघडा. एवढ्याशा जागेत मिरचीचा खकाणा उठला की धुराचा गजर होतो. तो गजर काढून ठेवण्याचा सल्ला देणारे भेटतील. कृपा करून ऐकू नका. त्याच्याच जोडीला कार्बन मोनॉक्साइडचा गजर असतो आणि बंद गाडीत जीव वाचवणारा तोच आहे.

लेकीच्या दारात

मुलांच्या ड्राइव्हवेत गाडी उभी केली की मुक्काम फुकट, असे वाटते. जवळजवळ तसेच आहे, पण तीन चौकश्या करा. पहिली वसाहतीच्या नियमांची: अनेक गृहमालक संघटना (एचओए) मोटरहोम एक-दोन दिवसांच्या वर दारात ठेवू देत नाहीत, आणि दंड आपल्याला नव्हे, मुलांना होतो. दुसरी उताराची: गाडी समतल नसेल तर जुन्या पद्धतीचा गॅसवरचा फ्रिज नीट चालत नाही आणि झोपही लागत नाही. तिसरी विजेची. गाडीला तीस अँपियर लागतात, गॅरेजच्या सॉकेटला पंधरा मिळतात. जोडणारा अडॅप्टर पंधरा-वीस डॉलरला येतो. दिवे, फ्रिज, मोबाइल खुशाल चालवा. “बाबा, एसी लावू नका, ब्रेकर पडेल,” हे लेकीने सांगण्याआधीच आपल्याला माहीत असलेले बरे.

चौथी गोष्ट पैशांची नाही, तरी सांगतो. नातवंडांना एक रात्र गाडीत झोपायला बोलवा. टपावरचा बिछाना जणू त्यांच्यासाठीच बांधलेला असतो, आणि लेक-जावयाला एक संध्याकाळ मोकळी मिळते.

फ्लाय फिशिंगचा खर्च

साध्या गळाला वजन असते, ते दोरी ओढून नेते. फ्लाय फिशिंगमध्ये पिसे आणि दोरा गुंडाळून केलेल्या कृत्रिम माशीला वजनच नसते. वजन दोरीला असते आणि फेकायची असते ती दोरी. म्हणून ताकद कमी आणि लय जास्त लागते. रॉड मागे नेऊन थांबायचे, दोरी मागे सरळ होऊ द्यायची, मगच पुढे आणायचा. हा थांबा जमला की माशी पाण्यावर अलगद उतरते. गुडघे धड असलेल्या कुणालाही शिकता येते, आणि गुडघे कुरकुरत असतील तर नावेत बसून.

सुरुवातीला काहीही विकत घेऊ नका. रॉड, रीळ, दोरीचा नवशिक्या संच दोनशे डॉलरच्या पुढे, पाण्यात उतरायचे वेडर्स आणि बूट आणखी तीनशे. पण गाइड हे सगळे बहुधा स्वतःच देतो. मॅडिसन नदीवर एनिसच्या आसपास दोघांसाठी नाव, वल्हवणारा गाइड आणि दुपारचे जेवण असा पूर्ण दिवस सुमारे सातशे डॉलरला पडतो. वर पंधरा ते वीस टक्के टिप असते, ती धरूनच बजेट करा. नावेचे भाडे एकालाही तेच, म्हणून दोघांनी जावे. एक जण गळ टाकणार नसेल तरी बसायला जागा असते.

मोंटॅनाबाहेरच्यांना एका दिवसाचा परवाना १४ डॉलर, त्यावर १० चे कॉन्झर्वेशन लायसन्स आणि साडेसातचा जलचर-संरक्षणाचा पास, म्हणजे माणशी साडेएकतीस. येलोस्टोनच्या आत राज्याचा परवाना चालत नाही. तिथला स्वतंत्र परवाना तीन दिवसांना ४० डॉलर. दोघांचे दोन्ही परवाने, गाइड आणि टिप मिळून साडेनऊशेच्या आसपास किंवा वर जातात. वरच्या ४,७४० मध्ये हे धरलेले नाहीत.

पार्कचे नियम कडक आहेत आणि ते तसेच असावेत. काटा नसलेला गळ, शिशाचे वजन नाही, नमद्याच्या तळाचे बूट नाहीत. मूळचा कटथ्रोट ट्राउट धरला तर पाण्यातच ठेवून सोडून द्यायचा. उलट येलोस्टोन सरोवरात १९९४ मध्ये सापडलेला उपरा लेक ट्राउट कटथ्रोटला खाऊन टाकतो, म्हणून तिथे धरलेला लेक ट्राउट परत सोडायला बंदी आहे. फिशिंग ब्रिजवरून मात्र १९७३ पासून मासेमारी बंद आहे. नाव वाचून तिथे रॉड घेऊन जाऊ नका. घरी मासे न खाणाऱ्यांनी हा छंद आपला नाही असे समजू नये; धरून सोडून देणे हीच इथली रीत आहे.

वेळ निवडताना शाळेच्या सुट्ट्यांशी आपला संबंध नाही, याचा फायदा घ्या. ऑगस्टमध्ये पाणी तापले की मोंटॅनात काही नद्यांवर दुपारी दोननंतर मासेमारी बंद करतात. लेबर डेनंतर, सप्टेंबरात, भाडे उतरते, गर्दी ओसरते, ट्राउट पुन्हा चळवळा होतो. रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, तेव्हा पाण्याचा पाइप झोपण्याआधी सोडवून ठेवा.

पास, आणि भारतातून येणारे आईवडील

बासष्ट पूर्ण झालेल्या अमेरिकी नागरिकाला किंवा ग्रीन कार्डधारकाला राष्ट्रीय उद्यानांचा आजीव सीनियर पास ८० डॉलरला मिळतो, वर्षाचा २० ला. त्यावर अनेक सरकारी कॅम्पग्राउंडचे भाडे निम्मे होते. पात्र असाल आणि अजून घेतला नसेल तर याच आठवड्यात घ्या.

पुण्या-नाशकाहून व्हिसावर आलेल्यांना तो मिळत नाही. शिवाय २०२६ पासून येलोस्टोन, ग्रँड टेटन, ग्लेशियर यांसह अकरा उद्यानांत सोळा आणि त्यापुढच्या वयाच्या परदेशी पाहुण्यांना प्रत्येकी १०० डॉलर जादा पडतात. परदेशीयांचा वार्षिक पास २५० चा आहे. दोघांनी टेटन आणि येलोस्टोन दोन्ही पाहायचे तर पासच स्वस्त. गाडी चालवणार असाल तर मूळ परवान्याबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा. शुल्क हजार रुपये, मुदत वर्षाची. तरीही पहिल्यांदाच उजवीकडून चालवणाऱ्याने पंचवीस फुटी गाडीने सुरुवात करू नये. मुलाचे किंवा सुनेचे नाव चालक म्हणून घाला, आणि वैद्यकीय विम्याशिवाय तर निघूच नका.

आरक्षणाचा क्रम असा ठेवा: येलोस्टोनच्या आतली जागा आधी, कारण ती वर्षभर आधी खुली होते आणि लवकर भरते; मग मासेमारीचा गाइड; गाडी शेवटी. गाडी ताब्यात घेताना छतासह चारही बाजूंचे व्हिडिओ काढा, मैल आणि जनरेटरच्या तासांचा काटा टिपून ठेवा. परत करण्याच्या आदल्या रात्री शहराजवळच मुक्काम करा, म्हणजे सकाळी टाक्या रिकाम्या करून, इंधन भरून वेळेत पोचता येते. उशिराचा दंड तासावर लागतो आणि न उपसलेल्या टाकीचे पैसे अनामतीतून कापले जातात.