आधी कागद, मग पूर्वज

‘आमचे मूळ पुरुष लॉयलिस्ट होते,’ असं पूर्व ओंटारिओतली कितीतरी घराणी आजही अभिमानाने सांगतात. माझं सासर त्यांतलंच एक. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी ब्रिटनविरुद्ध बंड पुकारलं, तेव्हा जे राजाच्या बाजूने राहिले आणि युद्ध संपवणाऱ्या १७८३च्या तहाच्या आगेमागे घरदार, शेतीवाडी सोडून कॅनडात आले, ते हे लॉयलिस्ट. वंशज असल्याचा पुरावा दिला, की ‘युनायटेड एम्पायर लॉयलिस्ट्स असोसिएशन ऑफ कॅनडा’ ही संस्था तसं प्रमाणपत्र देते. सासूबाईंना ते नातवंडांसाठी हवं होतं. त्यासाठी त्यांनी एका व्यावसायिक शोधकाकडून चांगले पैसे मोजून वंशावळ करून घेतली.

वंशावळ दिसायला देखणी होती. सर जॉन जॉन्सन यांच्या ‘किंग्ज रॉयल रेजिमेंट ऑफ न्यूयॉर्क’मधला जॉन नावाचा शिपाई, त्याचा मुलगा जॉन, आणि तिथून सरळ माझ्या नवऱ्यापर्यंत ओळ उतरलेली. माहेरी कुलवृत्तांत हाताळत वाढल्यामुळे वंशावळ समोर आली की माझी नजर आधी सनांवर जाते. शिपायाच्या कुटुंबाची नोंद १७८४च्या शिधावाटपाच्या यादीत होती, आणि तिथेच त्याची तीन मुलं दहा वर्षांवरची दाखवली होती. धाकटा जॉन मात्र १८०१च्या सुमारास जन्मलेला. म्हणजे त्याच्या जन्माच्या वेळी आई पन्नाशीला टेकलेली असणार. अशक्य नाही, पण शंका यावी इतकं अवघड. बापलेकाच्या नात्याला आधार काय, हे शोधलं तेव्हा कळलं, की दोघांचं नाव-आडनाव एक आणि जिल्हा एक, यापलीकडे काहीही नव्हतं. एकही कागद दोघांना जोडत नव्हता. तेवढ्यावर केलेला अर्ज परत आला आणि सासूबाई फार हिरमुसल्या.

पुढे आम्ही सगळं मुळापासून तपासलं. त्यातून जे हाती लागलं, ते या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं.

पहिली गोष्ट, सुरुवात स्वतःपासून करा आणि एकेक पिढी मागे जा. नामांकित पूर्वज आधी धरून त्याला खालून माणसं जोडत बसू नका. ओंटारिओत जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी जुलै १८६९मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या काळासाठी जनगणना, चर्चच्या वह्या, मृत्युपत्रं आणि जमिनीचे दस्त यांवरच भिस्त ठेवावी लागते. माणसागणिक नाव लिहिणारी १८५१ची जनगणना प्रत्यक्षात जानेवारी १८५२मध्ये झाली, आणि तिच्यात वय पुढच्या वाढदिवसाचं विचारलं होतं. त्या वयावरून जन्मसाल काढताना एखाद-दोन वर्षं सैल धरा. काही भागांची पानं मुळात उरलेलीच नाहीत. चर्चच्या नोंदींचंही तसंच. सुरुवातीला कायदेशीर लग्न लावायचा अधिकार प्रामुख्याने अँग्लिकन पाद्र्यांना होता आणि ते होते मोजके. मेथडिस्ट पाद्र्यांना हा हक्क मिळायला १८३१ उजाडलं. लग्नाची नोंद सापडत नाही, म्हणून लग्नच झालं नाही असं समजू नका.

दुसरी गोष्ट जमिनीची, आणि खरा खजिना इथेच आहे. १७८४मध्ये सेंट लॉरेन्सच्या काठी आणि बे ऑफ क्विंटीच्या परिसरात बरखास्त पलटणींच्या लोकांनी चिठ्ठ्या टाकून जमिनी घेतल्या. ९ नोव्हेंबर १७८९ रोजी गव्हर्नर लॉर्ड डॉर्चेस्टर यांच्या कौन्सिलने ठरवलं, की तहापूर्वी राजाच्या निशाणाखाली आलेल्यांची वेगळी नोंद ठेवायची आणि त्यांच्या मुलामुलींना प्रत्येकी २०० एकर जमीन द्यायची. मुलाला वयात आल्यावर, मुलीला वयात आल्यावर किंवा लग्न झाल्यावर. ही जमीन मिळवायला प्रत्येकाला अर्ज करावा लागे. ‘अपर कॅनडा लँड पिटिशन्स’ (अपर कॅनडा हे ओंटारिओचं तेव्हाचं नाव) या नावाने हे अर्ज ओटावाच्या ‘लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा’त आहेत.

असा एक अर्ज नीट पाहा. मुलीच्या अर्जात तिचं नाव, नवऱ्याचं नाव, त्याचं गाव आणि धंदा, वडिलांचं नाव आणि त्यापुढे तो लॉयलिस्ट असल्याची खूण म्हणून ‘यू.ई.’ ही अक्षरं असतात. सोबत तिला ओळखणाऱ्यांचा दाखला जोडलेला असतो. खाली तिची सही, आणि लिहिता येत नसेल तर फुली. दोन पिढ्या आणि दोन घराणी एकाच कागदावर! जिथे स्त्रियांची माहेरची नावं सहसा हरवून जातात, तिथे याहून मोलाचा कागद नाही.

आमची गाठ सुटली ती अशाच कागदावर. १८०१चा जॉन त्या शिपायाचा मुलगा नव्हताच. त्याचा बाप लेफ्टनंट गव्हर्नर सिमको यांनी १७९२मध्ये जमिनीचं आमंत्रण जाहीर केल्यावर अमेरिकेतून आलेला साधा शेतकरी होता. अशा उशिरा आलेल्यांना लॉयलिस्टांचे हक्क नव्हते. पण जॉनच्या बायकोची आई, कॅथरीन, एका वेगळ्याच शिपायाची मुलगी निघाली. तिचा अर्ज मिळाला, आणि तिच्या नवऱ्याच्या मृत्युपत्रात ‘माझी मुलगी मार्गारेट, जॉनची पत्नी’ असा स्पष्ट उल्लेख मिळाला. दुवा पक्का झाला, तोही आईच्या बाजूने. म्हणून सांगते, आडनावाच्या एकाच रेषेला चिकटून राहू नका. घरात सून होऊन आलेल्या प्रत्येक स्त्रीचं माहेर शोधा.

तिसरी गोष्ट, एकाच नावाच्या माणसांची गल्लत. बाप, मुलगा, पुतण्या सगळे जॉन किंवा पीटर. त्यात न्यूयॉर्कमधल्या मोहॉक आणि स्कोहॅरी खोऱ्यांतून आलेल्या जर्मन घराण्यांची आडनावं इंग्रज कारकुनांनी कानाला ऐकू आली तशी लिहिलेली. इथे जमीनच कामी येते. टाउनशिप, कन्सेशन (टाउनशिपमधली जमिनीची रांग) आणि लॉट (त्या रांगेतला तुकडा) यांचे क्रमांक टिपून ठेवा. एकाच नावाचे दोघे वेगळे ओळखायचा तोच भरवशाचा मार्ग. आणि नाव लॉयलिस्टांच्या यादीत दिसलं, की काम फत्ते झालं असं मानू नका. पुढे छाननीत काही नावं यादीतून वगळली गेली होती.

चौथी गोष्ट, पलटणींच्या हजेरीपटांसाठी गव्हर्नर हाल्डिमंड यांचे कागद पाहा. गमावलेल्या मालमत्तेच्या नुकसानभरपाईचे दावे लंडनच्या क्यू इथल्या ‘नॅशनल आर्काइव्ह्ज’मध्ये ‘एओ १२’ आणि ‘एओ १३’ या संग्रहांत आहेत. त्यांत मागे सोडून आलेली घरं, गुरं, अवजारं यांच्या याद्या वाचायला मिळतात. पण दावा सगळ्यांनी केला नव्हता. गरीब शिपाई तिथे सापडला नाही, तर नाउमेद होऊ नका.

आणि जे सापडेल ते सगळं मुलांना सांगा. लॉयलिस्ट म्हणजे फक्त गोरे शेतकरी नव्हेत. १७८३मध्ये न्यूयॉर्कहून निघालेल्या सुमारे ३,००० कृष्णवर्णीय माणसांची नावं ‘बुक ऑफ नीग्रोज’ या नोंदवहीत आहेत. मूळनिवासी मोहॉकांचे नेते जोसेफ ब्रँट यांच्याबरोबर मोहॉक लोक आपली भूमी गमावून ग्रँड नदीच्या काठी आले. काही लॉयलिस्टांनी गुलाम बनवलेली माणसंही सोबत आणली. दाव्याच्या यादीत गुरांच्या ओळीखाली एखाद्या माणसाची किंमत लिहिलेली आढळली, तर ती ओळ झाकू नका. त्या माणसाचे वंशजही कुठेतरी आपलं मूळ शोधत असतील, आणि त्यांना त्या ओळीची तुमच्याहून जास्त गरज असेल.

शोधकाला काम देणार असाल, तर एक अट आधीच घाला. प्रत्येक पिढीखाली ती मागच्या पिढीशी जोडणारा कागद, त्याचा संग्रह आणि क्रमांक लिहून मिळाला पाहिजे. जिथे कागद नाही, तिथे जागा कोरी ठेवा आणि काय काय शोधून झालं तेवढं टिपून ठेवा. सासूबाईंचा दुसरा अर्ज मार्गारेट आणि कॅथरीन यांच्या आधारावर मंजूर झाला. आजही आमच्या वंशावळीत १८०१च्या जॉनच्या आईची जागा कोरी आहे, आणि पुरावा मिळेपर्यंत ती तशीच राहील.