रावेन्ना : दोन स्नानसंस्कारगृहांचे शहर



इटली म्हटले की आपल्याला रोम, असिसी, पदुआ आठवते. रावेन्नाचे नाव सहसा कानावर पडत नाही. परंतु आरंभीच्या ख्रिस्तसभेचा इतिहास भिंतींवर वाचायचा असेल, तर एड्रियाटिक समुद्राजवळच्या या शहरात जावे लागते.

इ. स. ४०२ मध्ये सम्राट होनोरियसने पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी येथे आणली. भोवती दलदल असल्यामुळे शत्रूला येथे पोहोचणे अवघड होते. तरीही ४९३ मध्ये गॉथ राजा थिओडोरिकने शहर घेतले. तो ख्रिस्ती होता, पण एरियसच्या पंथाचा. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, अशी एरियसची शिकवण. ३२५ च्या नायसिया धर्मपरिषदेने ती नाकारली. २०२५ मध्ये त्या परिषदेला १७०० वर्षे झाली.

थिओडोरिकच्या राज्यात दोन्ही पंथ शेजारी राहिले. म्हणून येथे स्नानसंस्कारगृहेही दोन आहेत : एक कॅथलिकांचे, दुसरे एरियनांचे. दोन्हींच्या घुमटात रंगीत तुकड्यांच्या मोझेकमध्ये एकच प्रसंग आहे. यार्देन नदीत उभा येशू, शेजारी संत योहान, वर कबुतराच्या रूपात पवित्र आत्मा आणि सभोवती १२ प्रेषित.

५४० मध्ये सम्राट जस्टिनियनच्या सैन्याने रावेन्ना जिंकले. ५४७ मध्ये सान विताले मंदिराचे पवित्रीकरण झाले. त्याच्या वेदीजवळच्या भिंतींवर सम्राट भाकरीचे पात्र व सम्राज्ञी थिओडोरा द्राक्षारसाचा प्याला घेऊन उभी आहे.

थिओडोरिकने बांधलेले देवालय, आजचे सान्त अपोलिनारे नुओवो, कॅथलिकांकडे आले. तेथील मोझेकमधून राजवाड्यातील माणसांच्या आकृत्या काढून त्या जागी मोझेकचेच पडदे केले गेले. मात्र खांबांवर आलेले काही हात तसेच राहिले. ते आजही दिसतात.

नायसियाने सत्य जपले. दर रविवारी आपण तीच श्रद्धा प्रकट करतो. पण ते हात पाहिले की प्रश्न पडतो : चूक नाकारताना माणसालाही पुसून टाकावे का? आपल्याहून वेगळ्या पंथाचा शेजारी, मत न पटल्याने दुरावलेला भाऊ, यांच्याशी आपण कसे वागतो? दोन्ही घुमटांतला येशू एकच आहे. या आठवड्यात अशा एकाच्या घरी जाऊन यावे.

तुमचा धर्मगुरू