जुनं रिव्हॉल्व्हर पाहताना

तासगावात जुन्या शस्त्रांचा विषय निघाला की लोक तलवार-दांडपट्ट्याचं विचारतात. माझा जीव मात्र परदेशी सरकारांनी अमेरिकेतून मागवलेल्या रिव्हॉल्व्हरांवर आहे. दर बाराला घोडा अंगठ्यानं मागे ओढायचा, मगच चाप दाबायचा, अशी ती धाटणी. त्यांच्या नादात शिकलो ते लिहितो.

१. कारखान्याच्या नावावर थांबू नये, मागवणाऱ्याची खूण शोधावी. स्प्रिंगफील्डच्या स्मिथ अँड वेसनचं नाव कितीतरी नगांवर सापडेल. पण नांगर दिसला की जपानी नौदल समजावं.

२. चोखंदळ गिऱ्हाईक कारागिराला शहाणं करतं. १८७१ पासून रशियानं या कंपनीकडून लाखावर रिव्हॉल्व्हरं घेतली. कंपनीच्या काडतुसात गोळीवरचं वंगण उघडं राहून त्याला धूळ चिकटे. रशियाला ते चालेना. वंगणाचा भाग पितळी नळकांड्याच्या आत बसेल अशी गोळी करायला लावली. नेम सुधारला, आणि आजचं .४४ मॅग्नम त्याच काडतुसाच्या वंशातलं आहे. मला हा सगळा व्यवहार फार मोलाचा वाटतो.

३. हत्याराआधी दारूगोळ्याचं बघावं. तुर्कस्तानकडे विंचेस्टर रायफलींची हेन्री काडतुसं होती, म्हणून त्यांनी रिव्हॉल्व्हरही त्याच काडतुसाचं मागवलं. १८७७-७८ च्या युद्धात रशिया आणि तुर्कस्तान, दोघांकडेही एकाच कारखान्याचा माल होता.

४. वाड्याच्या माळ्यावर असं काही सापडलं तर घोडा ओढून बघू नये, आत काडतूस असू शकतं. पोलीस ठाण्याला कळवावं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात, कलम ४५ मध्ये, जुन्या वस्तूंना सवलत आहे. पण दुरुस्त करूनही बार निघणार नाही, अशांनाच. ते आपण घरी ठरवायचं नसतं. आणि गंज घासू नये, खुणा जातात.

५. आमच्या भागात जुनं शस्त्र निघालं की ते पत्री सरकारचं, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या इथल्या समांतर सरकारचं, ठरतं. इथे मी हट्टानं पुरावा मागतो. ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या कचेरीवर तिरंगा चढला तो निःशस्त्र लोकांच्या मोर्चानं. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून निघाले, ते पहारेकऱ्यांच्याच बंदुका घेऊन. या माणसांच्या नावावर कुठलंही गंजकं लोखंड खपवणं मला सहन होत नाही. कुणी तसं सांगितलं की मी विचारतो: बनावट कुठली, शिक्का कुणाचा, घरात आणलं कुणी?